भटारखान्यामागची हरळी

चिठ्ठी दोन बोटं रुंद होती आणि प्लास्टिकच्या ट्रेला दोऱ्याने बांधलेली होती. तिच्यावर निळ्या शाईत लिहिलं होतं : "भटारखान्यामागील हरळी. आपोआप उगवलेली."

मी ती तीनदा वाचली. तिसऱ्यांदा जरा मोठ्याने वाचली असावी, कारण प्रयोगशाळेतल्या दोन मुली वळून बघायला लागल्या.

आपोआप! या जगात आपोआप काय होतं ते मला तीस वर्षांच्या धंद्यात कळलेलं नाही. माझी नर्सरी आपोआप उभी राहिली नाही, तिच्या विहिरीला आपोआप पाणी लागलं नाही, आणि लग्नाच्या लॉन्सवाल्या शेठ लोकांनी मला आपोआप खुर्ची दिली नाही. पहिली पाच वर्षं त्यांच्याशी बोलणी उभ्यानेच व्हायची. ते गवत मी लावलं होतं. उकिडवा बसून, एकेक कांडी, कमरेचा काटा ढिला होईपर्यंत. आणि ते गवत आता शहरातल्या शिकलेल्या माणसांनी कौतुकाने ट्रेमध्ये वाढवलं होतं, वर असं लिहून.

तरी त्या दिवशी मी तोंड उघडलं नाही. माझ्या ओळखीच्या कोणालाही हे सांगितलं तर तो हसेल, कारण माझं तोंड बंद असल्याचं फारसं कोणी पाहिलेलं नाही. पण ही हरळी माझी आहे असं म्हणायचं, तर ती कुठून आणली ते सांगावं लागलं असतं. आणि ते सांगायचं म्हणजे माझीच एक लबाडी चारचौघांत उघडी करायची. आता ती कागदावर आलीच आहे, तेव्हा इथेही सांगून टाकतो.

हरळीशी माझी ओळख जुनी. आई पंचवटीत देवळाच्या वाटेवर दूर्वांच्या जुड्या विकायची. आम्ही पहाटे मळ्यांच्या बांधावरून कोवळे शेंडे खुडायचो, ती एकवीस-एकवीसच्या जुड्या बांधायची. जिथून खुडायचो त्या मळ्याचा मालक आम्हाला कधी हाकलायचा नाही, उलट म्हणायचा, "मुळासकट न्या की." कारण गणपतीच्या डोक्यावर गेली की ती दूर्वा, आणि शेतात राहिली की हरळी. एकीला हात जोडायचे, दुसरीला कुदळ घालायची. गवत एकच. ही गोष्ट मला सातव्या वर्षी कळली आणि पुढे धंद्यात फार उपयोगी पडली.

नाशिकमध्ये लग्नं लॉन्सवर लागतात. मोठं मैदान, मध्ये हिरवळ, एका टोकाला स्टेज, दुसऱ्या टोकाला जेवण, आणि पाठीमागे पत्र्याचा भटारखाना. गंगापूर रोडच्या अशा एका लॉन्सचं काम मला पंधरा वर्षांपूर्वी मिळालं. मालक वयाने माझ्याच बरोबरीचे, पण त्यांना जमीन वडिलांकडून मिळालेली आणि मला वडिलांकडून दमा. त्यांना सगळे शेठ म्हणतात, मीही म्हणतो.

शेठनी सौदा ठरवताना शेवटी नेहमीचा डाव टाकला. सगळं ठरलं, हातात हात दिले, आणि हात न सोडता म्हणाले, "भटारखान्यामागचा पट्टा त्यातच धर हां, लॉनवाले."

"शेठ, तो पट्टा वेगळा आहे."

"अरे, तेवढ्याने काय होतंय? एवढं काम देतोय तुला."

हात अजून त्यांच्या हातात. मी म्हटलं, "बरं. तिथे तुम्हाला खास जात लावून देतो. उन्हाला, आगीला, कशाला न हटणारी. बाहेरून मागवतो."

बाहेरून म्हणजे पिंपळगाव बसवंतहून. तिथल्या एका द्राक्षवाल्याने एप्रिल छाटणीनंतर बागेतली हरळी खणून काढली होती आणि बांधावरच्या काळ्या दगडांवर ढीग मारून ठेवली होती. सगळा मे महिना ती तिथे भाजत पडली होती. मी दुसऱ्याच कामाने गेलो होतो. ढीग उपसून बघितला, वरचं सगळं कोळसा झालेलं, आणि आतल्या कांड्यांना पांढरे कोंब. मी विचारलं, "हे नेऊ का?"

द्राक्षवाल्याने मला आपादमस्तक न्याहाळलं. "पाव्हणं, डोकं ठिकाणावर हाय ना? न्या की. च्या घेऊन जा. पण वाटंत सांडू नका कुठं, शेजारी बोंबलतील."

टेम्पोभर नेली. वर चहाही पिऊन आलो. फुकट मागणाऱ्याला फुकटातलंच द्यायचं, हा हिशेब मला तेव्हा फार चोख वाटला होता. जून लागला तशी ती भटारखान्यामागे लावून टाकली आणि शेठना म्हटलं, "बघा, खास जात." शेठ एकदा मागे डोकावले, मान हलवली आणि विसरले.

म्हणजे मी खोटं बोललो होतो. एवढंच, की ते खोटं पंधरा वर्षांनी खरं निघालं. माणसाने यावर कसं वागावं ते मला कोणी शिकवलेलं नाही.

यंदाच्या मेमध्ये दुपारी शेठचा फोन आला.

"तुझं गवत मेलं."

"माझं? मी तर नर्सरीत उभा आहे, इथे सगळं हिरवं आहे."

"समोरचं कार्पेट गवत, दोन वर्षांपूर्वी तूच बदललंस ते. पार पिवळं. आठ दिवसांवर आमदारांच्या पुतण्याचं लग्न आहे. तू ये."

गेलो. हिरवळ कुठे दिसेना. आख्ख्या मैदानावर हिरवी प्लास्टिकची मॅट अंथरलेली. खरं गवत झाकायला खोटं गवत! एक कोपरा उचलला तर वाफ तोंडावर आली. खाली गवत भिजवलेल्या चहापत्तीसारखं.

"हे किती दिवस अंथरलंय?"

"लागोपाठ लग्नं होती. कोण रोज उचलणार?"

"आणि कापलं कधी?"

"त्याच्या आदल्या दिवशी. एकदम बारीक. फोटोत मखमल दिसते."

"पाणी?"

"दोन वेळा मारतो, थोडं थोडं. मॅटवरून."

मी तिथल्या तिथे खुरपं जमिनीत असं हाणलं की त्याची मूठ निघून आली. म्हटलं, "शेठ, माणसाचं मुंडन करा, वर रबरी टोपी घाला, उन्हात बसवा आणि चमच्याने पाणी पाजा. मग डॉक्टरला फोन करा की तुमचा पेशंट मेला."

शेठ शांतपणे म्हणाले, "आवाज खाली. प्रश्न जीन्सचा आहे."

हा शब्द त्यांनी नुकताच कुठेतरी उचलला होता आणि खिशातल्या नव्या किल्लीसारखा सगळ्या कुलुपांना लावून बघत होते. "तुझ्या गवताचे जीन्सच वीक आहेत. मूळ घराणं चांगलं लागतं रे. माणसाचं तसंच गवताचं." हे बोलताना ते माझ्या चपलांकडे बघत होते. मला ते कळलं आणि मला कळलंय हे त्यांनाही कळलं.

"मी तज्ज्ञ बोलावलेत," ते म्हणाले. "त्या सांगतीलच."

तज्ज्ञ म्हणजे कॉलेजात गवतावर संशोधन करणाऱ्या एक मॅडम. माझ्या मोठ्या मुलीएवढ्या. स्कूटरवरून आल्या, ओढणी कमरेला खोचली आणि पहिल्यांदा काय केलं तर थर्मामीटर जमिनीत खुपसलं. मला तेवढ्यानेच त्या आवडल्या. बाकी सगळे तज्ज्ञ मोबाईलवर नाशिकचं तापमान बघतात, जसं काही गवत मोबाईलमध्ये उगवलंय.

मग त्यांनी लोखंडी नळी ठोकून मातीचा एक दांडा काढला. समोरच्या कार्पेटची मुळं तीन बोटं खाली जाऊन थांबलेली, टोकं तपकिरी, चिमटीत धरली की साल हातात.

"पात्यांचं नंतर बघू," मॅडम म्हणाल्या. "आधी मुळं भाजलीत. पातं पाणी उडवून स्वतःला थोडं गार ठेवू शकतं, पण ते पाणी मुळांनी आणायचं. माती तापली आणि बारीक मुळं मेली, की वरचं पातं फक्त वाट बघतं. रोज वरच्यावर पाणी दिल्यावर मुळांना खाली जायचं कारणच उरत नाही. आणि खाली माती गार असते."

"म्हणजे जीन्स..." शेठ.

"तेही असतात. पण इथे मॅटने काम केलंय."

मी शेठच्या चपलांकडे बघितलं.

एवढ्यात मॅडमना भटारखान्यामागे काहीतरी हिरवं दिसलं. त्या तिकडे गेल्या, मागोमाग आम्ही. पत्र्याच्या भिंतीला लागून भट्ट्या, त्यांची राख, भाताचं उकळतं पाणी ओतायची जागा, आणि त्या सगळ्याच्या मधोमध हरळी. पाणी कोणी घालत नव्हतं, कापत नव्हतं, भटारी दिवसभर तिच्यावर मोठमोठी पातेली घासायचे. मॅडमनी तिथेही नळी ठोकली. पहिल्या दांड्यात मूळ संपलं नाही. दुसऱ्यांदा त्याच भोकात ठोकली, तिथेही संपलं नाही. पांढरं, टणक, दोऱ्यासारखं सरळ खाली गेलेलं.

"ही कोणती जात? कोणी लावली?"

शेठ म्हणाले, "हे? हे तण आहे. आपोआप उगवलंय."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. तुम्हाला माहीत असेल, असं त्या नजरेत होतं. मी घसा साफ केला. मी लावली म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता, कुठून आणली. "बाहेरून मागवलेली खास जात" हे माझे शब्द ज्याने ऐकले होते तो माणूस माझ्या डाव्या हाताला उभा होता. पंधरा वर्षांत त्याच्याशी मी किमान वीस सौदे केले होते आणि प्रत्येकात माझी भिस्त एकाच गोष्टीवर होती, की माझ्या मालाबद्दल मी सांगतो ते खरं असतं.

"असेल आपोआप," मी म्हणालो.

मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं आणि थोड्या कांड्या पिशवीत घातल्या.

पुढे महिन्याभराने त्यांनी मला बोलावलं, कार्पेटचे चांगले तुकडे हवे होते तुलना करायला. तेव्हा ती चिठ्ठी दिसली. प्रयोगशाळेत ट्रेंची रांग होती. प्रत्येक ट्रे गरम पाण्याच्या टाकीत बसवलेला, म्हणजे माती तापेल आणि पात्यांना मात्र पंख्याची गार हवा. डोकं थंड, पाय निखाऱ्यावर. मॅडम मुळांची टोकं कापून घ्यायच्या आणि धूर निघणाऱ्या बर्फगार द्रवात टाकायच्या.

"यात काय दिसतं?"

"काका, उष्णता वाढली की पेशीतली प्रथिनं बिघडायला लागतात. तेव्हा काही जनुकं जागी होतात आणि बिघडलेल्याला सावरणारी मदतनीस प्रथिनं बनवायला लावतात. कापलं त्या क्षणी कोणती जनुकं जागी होती ते गोठवून ठेवायचं आणि मग मोजायचं."

"आणि कार्पेटमध्ये ती जनुकं नाहीत?"

"आहेत ना. तशी जनुकं सगळ्याच झाडांत असतात. कोणाची कधी जागी होतात, मुळात होतात का नुसती पात्यात, किती वेळ टिकतात, फरक तिथे असू शकतो. या हरळीत मुळांतली लवकर जागी होताना दिसतायत. अजून खात्रीने नाही सांगत."

मी मनात म्हटलं, घराणं सगळ्यांना असतं, शेठ. वेळेवर उठणं महत्त्वाचं.

आणि मग चिठ्ठी वाचली.

घरी येऊन मी जेवलो नाही. बायकोने विचारलं, मी सांगितलं. ती माझी लबाडी पहिल्या दिवसापासून जाणून होती, टेम्पो तिनेच धुतला होता.

"मग सांगा ना त्यांना."

"काय सांगू? शेठला कचरा लावला म्हणून?"

"अहो, कचरा लावला तेव्हा लाज नाही वाटली, सांगायची वाटतेय?"

"माझं नाव जाईल."

"आत्ता कुठे आहे नाव? चिठ्ठीवर तर आपोआप लिहिलंय."

या बाईशी मी आजवर एकही सौदा जिंकलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमना फोन करून सगळं सांगितलं. ढीग, दगड, मे महिना, चहा, सगळं. मला वाटलं रागावतील. त्यांचा आवाज एकदम बदलला. "काका, हे आधी का नाही सांगितलंत? महिनाभर दगडावर भाजलेल्या ढिगातून जगलेल्या कांड्या! त्यात कितीतरी वेगवेगळी रोपं असतील. निम्मी ढिगात मेली, उरलेल्यांतली बरीच भट्टीजवळ मेली. ही शेवटची उरलेली आहेत. निवड झालीय ही, दोनदा. मला रीतसर नोंद करायची आहे. शेठसमोरच करू, जमीन त्यांची आहे."

म्हणजे जे टाळण्यासाठी तोंड बंद ठेवलं, नेमकं तेच.

भटारखान्यामागे आम्ही तिघं उभे. मॅडमच्या हातात छापील फॉर्म. मी शेठकडे न बघता एका दमात सांगून टाकलं.

"म्हणजे तू मला द्राक्षवाल्याचं तण लावलंस."

"फुकट मागितलंत, शेठ."

"खास जात म्हणालास!"

"तेच तर मॅडम म्हणतायत."

मॅडम फॉर्ममध्ये डोकं घालून हसू दाबत होत्या. मग त्यांनी वाचायला सुरुवात केली. "प्रकार : तण. उगवण : लावलेली." मी म्हटलं, थांबा, तो शब्द परत वाचा. त्यांनी परत वाचला. "लावलेली. गोळा करणारा : ते मी. दाता : इथे कोणाचं नाव घालू?"

"लावणाऱ्याचा रकाना नाही?"

"नाही काका. दाता आहे."

शेठ लगेच पुढे सरकले. "जमीन माझी. दाता मीच. कॉलेजचं नाव मोठं आहे, बोर्डवर लावता येईल."

"जमीन तुमची, पण गवत पंधरा वर्षं तुम्हाला आपोआप उगवलेलं वाटत होतं," मी म्हटलं. "जे आपलं आहे हेच माहीत नव्हतं ते दान कसं कराल?"

"तू मला दिलंस ना? मग माझं झालं."

"फुकट दिलं. फुकट दिल्यावर दाता कोण?"

आवाज चढले. भटारी कढई सोडून बघायला आले. मॅडमनी हात वर केला. "नियमाने बघायचं तर पहिला मालक पिंपळगावचा. दाता म्हणून त्यांचं नाव येऊ शकतं."

खरं बोलण्याचं हे असं असतं. एकदा सुरू केलं की ते तुमच्याही हातात राहत नाही. मीच नंबर शोधून दिला, मीच फोन स्पीकरवर लावला. द्राक्षवाला आता म्हातारा झालाय, पण आवाज तोच.

मॅडमनी समजावून सांगितलं. तो म्हणाला, "बाई, हात जोडतो. माझं नाव नका घालू. माल बाहेरदेशी जातोय आमचा. लोक म्हणतील, याच्या बागंत हरळी व्हती. मेल्यावर बी धुऊन निघायचं नाय. कुठलीच हरळी नव्हती माझ्याकडं, लिवा तसं." आणि फोन बंद.

मॅडमनी शेठकडे बघितलं. "मग तुमचं घालू? दाता म्हणून तुमचं नाव आणि लॉन्सचं नाव. प्रकाराच्या रकान्यात तण राहील."

शेठच्या डोळ्यांसमोर तो बोर्ड आला असणार : आमच्या लॉन्समधलं तण. आमदारांच्या घरची माणसं, वरमाया, फोटोग्राफर. "तण हा शब्द काढता येणार नाही?"

"नाही येणार."

"मग राहू दे," शेठ म्हणाले. "याचंच घाला. याला चालेल."

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं होतं. पण चालेल! एकाला बागेची अब्रू होती, दुसऱ्याला मैदानाची. मला दूर्वा आणि हरळी एकच आहेत हे सातव्या वर्षापासून माहीत होतं. मी सही केली. ट्रेची चिठ्ठी बदलायला मी स्वतः कॉलेजात गेलो, जुनी सोडली, नवी बांधली, गाठ दोनदा बघितली.

शेठ अजून रागावलेले आहेत. त्यांनी समोरच्या हिरवळीसाठी दुसऱ्या लॉनवाल्याला विचारलं, असं कानावर आलं. त्याने म्हणे त्यांना सांगितलं की उन्हाला न हटणारी एक खास जात आहे, बाहेरून मागवावी लागेल. ती जात कुठे मिळते ते मला ठाऊक आहे, आणि ती मागायला तो एक दिवस माझ्याच दारात येणार आहे.

घरी नोंदीची प्रत बायकोला दाखवली. चष्मा लावून तिने सगळे रकाने वाचले आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"दाता!" ती म्हणाली. "आणि परवा कोथिंबिरीच्या एका जुडीवरून त्या भाजीवाल्या मावशींशी अर्धा तास भांडलात ते?"

"ती जुडी घरी येईपर्यंत माना टाकून बसली होती," मी म्हटलं. "मुळं बघितली होतीस का तिची?"